दुसऱ्या लढतीचा निकाल

१

एडविन मुनीसच्या तोंडात केक होता आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

घर माणसांनी गच्च भरलं होतं. भाईंदरपलीकडच्या समुद्राकाठच्या पाली गावातल्या अरुंद गल्लीतलं बैठं घर ते. आत बायका रोझरी म्हणत होत्या आणि दाराशी उभे असलेले पुरुष एकमेकांना तेच तेच ऐकवत होते, "सुखानं गेला. पोरीची कुस्ती बघता बघता गेला."

सहायक निरीक्षक हेमाली म्हात्रे खरं तर मयतासाठी आलीच नव्हती. गल्लीत एका बाईला मारहाण चाललीय असा फोन ठाण्यात आला होता. ती बाई म्हणजे वासंती, एडविनची देखभाल करायला शेजारच्या डोंगरी गावातून रोज येणारी. ओठ फुटलेला, पदर फाटलेला. हेमालीनं तिला गर्दीतून ओढून जीपमध्ये बसवलं आणि निदान मयताला हात जोडावे म्हणून ती आत शिरली.

एडविन एके काळी बोटीवरचा तांडेल होता. खलाशांनी त्याच्या नुसत्या नजरेवर जाळं ओढावं असा त्याचा दरारा. पण अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि गिळायची ताकदही गेली. पातळ पेज, तीही चमच्याचमच्यानं, एवढंच त्याचं अन्न. त्याची मुलगी जेनेल जपानमध्ये कुस्ती खेळते. मातीतली नव्हे, रोषणाईतली, झगमगीत कपड्यांची कुस्ती. आज टोकियोच्या भल्यामोठ्या छपराच्या स्टेडियममध्ये 'हिनोदे' कंपनीचा वर्षातला सगळ्यांत मोठा शो होता आणि त्यात दुसरीच लढत जेनेलची. गावानं चॅपेलशेजारच्या हॉलमध्ये पडदा लावला होता. एडविनच्या उशाशीही एक टॅब टेकवून ठेवला होता. तो अजून चालूच होता. त्यावर सोनेरी झगा घातलेला कुणी धिप्पाड गडी दोरांवर चढून छाती पिटत होता.

हेमालीनं टॅब पालथा घातला. मग ती वाकली आणि थबकली.

औषधांचा आणि ओल्या चादरीचा वास तिला अपेक्षित होता. पण त्यात आणखी एक वास होता, गोड, नकली स्ट्रॉबेरीचा. एडविनचे ओठ निळे पडले होते. तिनं हलकेच त्याची हनुवटी खाली केली. गाल आणि दात यांच्यामध्ये गुलाबी लगदा चिकटलेला होता. 

"साहेब, काय बघताव?" एडविनची बहीण कॉनी शेजारी येऊन उभी राहिली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "माज्या भावाला आमी पानी पन घट्ट करून देताव. डॉक्टरनी सांगलेला हाय."

हेमालीनं चादरीचा कोपरा उलटा केला. आतल्या बाजूला गुलाबी फराटा होता.

"आंटी, कुणीतरी ह्यांना केक भरवलाय," ती हळूच म्हणाली. "आणि नंतर ह्यांचं तोंड पुसलंय."

२

मयत सरकारी इस्पितळात रवाना झालं. गर्दी ओसरली, तसं हेमालीनं वासंतीला मागच्या पडवीत बसवलं.

"मी कशाला केक भरवू, मॅडम?" वासंती फुटक्या ओठानं कसंबसं बोलत होती. "अंकलना घास लागला तर काय होतं, मी डोळ्यांनी बघितलंय. सकाळी पेज दिली, त्यांचा डोळा लागला. मग टॅनियावहिनींचा फोन आला, सरबताचं पिंप घेऊन हॉलवर ये. मी म्हटलं, अंकल एकटे राहतील. तर म्हणाल्या, झोपलाय ना? पाच मिनिटं काय मरत नाही तो."

"आणि किती वेळ ठेवलं तिथं?"

"ग्लास भरायला लावले. शो सुरू झाला, वीज गेली, तरी मी ग्लासच भरतेय. कॉनी आंटी ओरडत आली तेव्हाच मला कळलं. मी पळत घरी आले, तर गल्लीतच स्टीवनदादानं थोबाडीत मारली. मग काय, सगळेच मारायला लागले."

टॅनिया म्हणजे एडविनच्या मुलाची, मेल्रॉयची बायको. केस बांधलेले, नखं रंगवलेली, डोळे कोरडे. तिनं सरळ कानांवर हात ठेवले.

"मी फोन केलाच नाही. ती खोटं बोलतेय. कामावरून निघून गेली आणि आता माझ्यावर ढकलतेय."

"तुमचा फोन द्या."

टॅनियानं फोन छातीशी धरला. हेमालीनं नुसता हात पुढे केला आणि तसाच ठेवला. थोड्या वेळानं टॅनियाची मान खाली गेली.

"केला होता," ती पुटपुटली. "पण मला काय माहीत असं होईल? मी म्हटलं, आता लोक मलाच बोलतील."

"म्हणून तिला मार खाऊ दिलात?"

 हेमालीला वाटलं, ह्या बाईच्या तोंडाकडे आणखी क्षणभर पाहिलं तर आपल्या तोंडून काहीतरी भलतं निघेल. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि फ्रीज उघडला.

मधल्या फळीवर मोठा गुलाबी केक होता. जेनेल जिंकली की हॉलवर नेऊन कापायचा, असं ठरलेलं. दुरून तो अख्खा दिसत होता. जवळून पाहिल्यावर एका कोपऱ्यातलं क्रीम वेगळं दिसलं. सुरीनं ओढून सारखं केल्यासारखं. हेमालीनं बोट टेकवलं. बोट आत गेलं. क्रीमखाली केक नव्हताच. बोटांनी ओरबाडून काढलेली पोकळी होती.

"हा केक कधी उघडला?"

"उघडलाच नाही, मॅडम," टॅनिया दारातून म्हणाली. "ती हरली ना. हरल्यावर कोण केक कापणार?"

३

मेल्रॉय पुढच्या खोलीत बापाच्या रिकाम्या खाटेकडे पाठ करून बसला होता. तिशीतला, जाड चष्म्याचा, मीरा रोडला मोबाइलचं दुकान चालवणारा.

"मी लॅपटॉपवरच होतो. पहिली मॅच नीट झाली. जेनेलची अर्धी झाली आणि वीज गेली. सगळी गल्ली गेली. वायफाय गेलं, पडदा काळा. लोक शिव्या द्यायला लागले."

"मग निकाल कसा कळला?"

"मी बाहेर येऊन मोबाइलवर कंपनीची साइट उघडली. तिथं ते प्रत्येक मॅचनंतर एक ओळ टाकतात. कोण जिंकलं, कोण हरलं, बस. जेनेल आणि तिची पार्टनर हरली असं लिहिलेलं. मी आत येऊन सांगितलं. हॉल एकदम गप झाला. फटाके आणलेले ते पण कोणी लावले नाहीत."

"मोबाइलवर शोच का नाही लावला?"

"पैसे भरून बघायचा शो आहे. जेनेलनं एकच अकाउंट दिलेलं, दोन मशीनवरच चालतं. एक हॉलचा लॅपटॉप, एक पप्पांचा टॅब. टॅबमध्ये सिमकार्ड आहे, म्हणून वीज गेली तरी तो चालू राहिला." त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. "पप्पांनी एकट्यानंच बघितली असणार पूर्ण मॅच."

स्टीवन बोलावण्याची वाट न पाहता स्वतःच आत आला. एडविनच्या थोरल्या भावाचा हा मुलगा. गावातला कुठलाही कार्यक्रम त्याच्यावाचून होत नसे. मांडव घालण्यापासून पंगत उठवण्यापर्यंत सगळं तोच बघायचा. डोळे सुजलेले, शर्टाला डिझेलचा वास. वासंतीला मारल्याचं त्यानं लगेच कबूल केलं.

"डोकं फिरलं माझं, मॅडम. अंकलनं मला लहानाचा मोठा केलाय. तो असा एकटा मरतो, आणि ही बाई सरबत वाटते?"

"तुम्ही कुठे होता?"

"हॉलच्या मागं. जनरेटरवर. साला चालूच होत नव्हता. ओढून ओढून हात गेला माझा. चालू झाला तोवर तिसरी मॅच लागलेली." त्यानं नाक पुसलं. "काय दिवस उगवला बघा. तिकडं त्या जपान्यांनी पोरीच्या तोंडातला घास काढला. जिंकलेल्या पोरीला परत उभं करायचं, माइक घेऊन सांगायचं, आणि मग पाडायचं. लाज नाय वाटत? आणि इकडं अंकल."

हेमालीनं मान डोलावली. कुस्तीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. तिचे आजोबा भाईंदरच्या मिठागरात राबून संध्याकाळी आखाड्यात उतरायचे. हे आधीच ठरवून एकमेकांना आपटणं तिला नाटकासारखं वाटायचं, आणि त्यासाठी माणसं रडतात याची तिला थोडी किळसच यायची.

ती निघाली तेव्हा कॉनी तिच्यामागोमाग गल्लीच्या तोंडापर्यंत आली. आजूबाजूला पाहत हळू आवाजात म्हणाली, "साहेब, एक सांगू? समुद्राकडची वाडी एडविनच्या नावावर हाय. मासली सुकवायची जागा. मेल्रॉयला ती रिसॉर्टवाल्याला द्यायची हाय. एडविन न्हाय म्हनत व्हता. त्याला जेनेलला द्यायची व्हती."

"म्हणजे मेल्रॉयनं..."

"मी काय न्हाय बोलत." कॉनीनं गळ्यातला क्रूस मुठीत धरला. "पन वीज गेल्यावर मी हॉलच्या दारातच उभी व्हते. मेल्रॉय बाहेर गेला तो किती येल आलाच न्हाय."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळातून अहवाल आला. श्वासनलिकेत केकचा गोळा अडकलेला. अंगावर झटापटीची खूण नाही.

मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतीतल्या घरातून निघताना नवऱ्यानं, निकेतनं, डब्यात शिरा भरून दिला होता. ठाण्यात येऊन हेमालीनं झाकण उघडलं आणि तसंच परत लावलं.

मेल्रॉयला आत घ्यायचं तिनं जवळजवळ ठरवलं होतं. कारण होतं, वेळ होता, घर त्याचंच होतं. पण एक गोष्ट काही केल्या बसत नव्हती. वाडीसाठी बापाला मारायचं तर केक कशाला? उशी होती, औषधं होती. आणि केकच द्यायचा, तर अख्खा केक फ्रीजमध्ये असताना सुरीनं तुकडा कापता आला असता. हा केक ओरबाडलेला होता. घाईनं. उत्साहात असलेल्या माणसानं चिमटीत उचलावा तसा.

उत्साह कसला? जेनेल तर हरली होती.

तिनं मेल्रॉयला फोन करून अकाउंटचा पासवर्ड घेतला. शोचं रेकॉर्डिंग साइटवर नुकतंच आलं होतं. आधी तिनं निकालांचं पान उघडलं. लढतींची लांबलचक यादी, आणि दुसऱ्या लढतीपुढे एकच ओळ: जेनेल आणि तिची जोडीदारीण मिसाकी पराभूत. मग तिनं लढत लावली.

दोघींविरुद्ध दोघी अशी जोड्यांची लढत, एका वेळी प्रत्येक बाजूच्या एकीनंच खेळायचं. जेनेल निळ्या पोशाखात होती. तिला पहिल्यांदाच पाहत होती हेमाली. बापाचंच कपाळ. समोरच्या दोन बायका तिच्याहून थोराड होत्या. एकीनं जेनेलच्या छातीवर उघड्या तळव्यानं असा फटका मारला की तो आवाज ऐकून हेमालीचे खांदे आपोआप आत गेले. हे नाटक असेल तर फारच महागातलं नाटक होतं. मग धावपळ, गोंधळ, चौघी एकदम आखाड्यात. जेनेलनं एकीला उचलून आडवं केलं, वर झोपली, पंचानं जमिनीवर तीनदा हात आपटला. घंटा झाली.

आणि पंचानं जेनेलचा हात वर केला.

हेमाली खुर्चीत पुढे सरकली. रंगीत कागदी फिती पडत होत्या. मिसाकी जेनेलच्या गळ्यात पडून रडत होती. लोक उभे राहिले होते. हे बराच वेळ चाललं. मग दुसरा एक पंच माइक घेऊन आत आला. खाली इंग्रजी पट्टी सरकली: आडवी झालेली खेळाडू त्या वेळी खेळात नव्हतीच, तिची जोडीदारीण होती, म्हणून निकाल रद्द, लढत पुढे चालू. जेनेल भांबावून उभी असतानाच तिला मागून उचलून आपटलं गेलं. पुन्हा तीनदा हात. पुन्हा घंटा. ह्या वेळी हात दुसऱ्यांचे वर गेले.

हेमालीनं रेकॉर्डिंग थांबवलं. साइटवर यातलं अक्षरही नव्हतं. हॉलमधल्या कुणी हे पाहिलं नव्हतं. वीज त्याआधीच गेली होती.

पण काल संध्याकाळी हे सगळं तिला कुणीतरी सांगितलं होतं. आणि तिनं नुसती मान डोलावली होती.

५

मुनीसांच्या घरात तिनं चौघांना बसवलं. मेल्रॉय, टॅनिया, कॉनी, स्टीवन. वासंतीला तिनं मुद्दाम डोंगरीहून बोलावून घेतलं होतं. वासंती दाराशी उभी राहायला लागली, तेव्हा हेमालीनं तिला खुर्ची दिली.

"काल तुम्ही सगळे जेनेल हरली म्हणून गप्प झालात," हेमाली म्हणाली. "फटाके पिशवीत राहिले. केक फ्रीजमध्ये राहिला. मग एडविन अंकलच्या तोंडात कुणी घातला? हरल्याचा केक कुणी भरवतं का?"

ती रिकाम्या खाटेजवळ जाऊन उभी राहिली.

"ज्यानं भरवला त्याला वाटत होतं ती जिंकली. आणि थोडा वेळ ती खरंच जिंकली होती." तिनं रेकॉर्डिंगमध्ये पाहिलेलं सगळं सांगितलं; वर केलेला हात, फिती, माइक, पुन्हा लावलेली लढत.

मेल्रॉय आ वासून ऐकत राहिला. "साइटवर तर काही नव्हतं असं."

"नव्हतंच. हॉलच्या पडद्यावरही नव्हतं. हे फक्त एकाच जागी दिसत होतं, ह्या खाटेजवळच्या टॅबवर. म्हणजे ज्याला हे काल माहीत होतं, तो काल ह्या खाटेजवळ होता." हेमाली वळली. "स्टीवन, जिंकलेल्या पोरीला परत उभं केलं, माइक घेऊन सांगितलं, मग पाडलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

स्टीवननं ओठांवरून जीभ फिरवली. "बघितलं असेल मोबाइलवर कुठेतरी."

"कुठल्या मोबाइलवर?" मेल्रॉय उठला. "लॉगिन माझ्याशिवाय कोणाकडे नव्हतं."

"मग कुणीतरी बोललं असेल हॉलात."

"हॉलात कुणाला म्हाईत व्हतं रे?" कॉनीचा आवाज चढला. "आन त्यो जनरेटर? चालू न्हाय व्हत म्हनतोस? तू किती येल तिथं नव्हतासच. मी मागं येऊन बघून गेलते, मना वाटलं डिझेल आनाया गेलास. मंग आलास आन पयल्याच हिसक्याला चालू झाला. मी कानानं ऐकलाय."

मेल्रॉय चुलतभावाकडे बघत होता. "का पण? तुला तर वाडीतलं काहीच मिळणार नव्हतं."

"वाडी?" स्टीवन एकदम दुखावल्यासारखा बोलला. "मला कशाला पाहिजे वाडी? मी काय मारलं का अंकलला?"

मग त्याला काही विचारावं लागलं नाही. तोच बोलत सुटला. वीज गेली, तसं त्याच्या डोक्यात आलं की घरी टॅब चालू असणार. मुलगी जिंकतेय आणि अंथरुणाला खिळलेला बाप बघतोय, असा व्हिडिओ आपल्या पेजवर टाकला तर लाखांनी बघतील. तो पळत आला. अंकल जागा होता, डोळे टॅबवर. स्टीवननं मोबाइल कपाटाला टेकवून चालू केला. घंटा झाली, हात वर गेला. पण अंकलचा चेहरा तर हलतच नाही! अर्ध्या तोंडाचं हसू व्हिडिओत हसूसारखं दिसेना. म्हणून तो धावत केक घेऊन आला.

"एवढासाच घातला, मॅडम. एवढासाच." त्यानं चिमूट करून दाखवली. "तोंड गोड केलं की लोकांना कळतं, आनंद आहे म्हणून."

"आणि घास अडकल्यावर?"

"मी पाठीवर थापटलं ना! पण ते काळेनिळे पडायला लागले. मला काही सुचेना. तिकडं टॅबवर माइकवाला आला, इकडं अंकल असे. मी घाबरलो."

"घाबरून त्यांचं तोंड पुसलंत. केक सारखा केलात. जनरेटर चालू केलात. आणि मग गल्लीत येऊन हिच्या थोबाडीत मारलीत."

वासंती खाली मान घालून बसली होती. तिचा फुटलेला ओठ आता काळा पडला होता.

"हाक का न्हाय मारली?" कॉनी म्हणाली. ती ओरडली नाही, म्हणून ते जास्तच लागलं. "सगला गाव शंभर पावलांवर व्हता. एक हाक मारली असतीस रे."

 हेमालीनं त्याचा मोबाइल मागितला. व्हिडिओ पुसला असणार असं ती धरूनच चालली होती. त्यानं स्वतःच उघडून दिला.

"पुसला का नाही?"

"पुसणारच होतो," स्टीवन म्हणाला. "पण सुरुवातीचा भाग फार चांगला आलाय, मॅडम. तेवढाच कापून ठेवायचा विचार होता. श्रद्धांजलीला."

टॅनिया तोंडावर हात दाबून मोरीकडे धावली. तिच्या ओकण्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत राहिला. हेमालीला तिचा पहिल्यांदाच राग आला नाही.

६

जेनेल आली ती विमानतळावरून थेट दफनभूमीत. पांढरा साधा ड्रेस, आणि गळ्याखाली तळहाताएवढा काळानिळा वळ. रडली नाही. भावाला धरून उभी राहिली, माती टाकली आणि लोक पांगल्यावर हेमालीकडे आली.

"मॅडम, मेल्रॉयनं सगळं सांगितलं. एकच विचारायचंय. पप्पांनी मॅच बघितली?"

हेमालीनं या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवलं होतं. व्हिडिओ तिनं एकदाच पाहिला होता, आणि पुन्हा कुणालाही दाखवायचा नाही, खटल्यापुरता ठेवायचा, असं ठरवलं होतं. पण त्यातला एक तुकडा ह्या पोरीला द्यायला हरकत नव्हती.

"बघितली," ती म्हणाली. "तुझा हात वर गेला तेव्हा त्यांचे डोळे तुझ्यावरच होते. पुढचं, हरलेलं, त्यांनी पाहिलं नाही. तू जिंकलीस हेच पाहून गेले ते. खूश होते. हात हलवत होते."

"हात?" जेनेलनं वर पाहिलं. "कसा?"

हेमालीनं करून दाखवलं. डावा हात पुढे, पंजा पालथा, आणि हवेत खाली, खाली, खाली.

जेनेल त्या हाताकडे बघत राहिली. 

"मॅडम, हे खूश होणं नाही," जेनेल सावकाश म्हणाली. "हे बोटीवरचं आहे. इंजिन बारीक करा, थांबा, अजून जाळं ओढू नका. वाचा गेल्यापासून पप्पा आम्हाला असंच सांगायचे. थांबा."

"पण तू तर जिंकली होतीस तेव्हा."

"आमचे निकाल आधी ठरलेले असतात. आधी मला जिंकवायचं आणि मग हरवायचं, हे आम्हाला आठवडाभर आधीच सांगितलं होतं. कुणाला सांगायची बंदी असते. घरच्यांनाही." तिनं मागे वळून ताज्या मातीकडे पाहिलं. "मी फक्त पप्पांना सांगितलं होतं. व्हिडिओ कॉलवर, हळूच. म्हटलं, त्यांना बोलता येत नाही, ते कुणाला सांगणार? आणि मला मागून आपटताना बघून त्यांच्या छातीत धडकी भरायला नको. त्यांना माहीत होतं, मॅडम. अख्ख्या गावात त्यांना एकट्यालाच माहीत होतं की अजून संपलं नाही. ते स्टीवनला सांगत होते, थांब."

हेमालीचा हात अजून हवेतच होता. तिनं तो खाली घेतला आणि वर्दीला पुसला, जणू त्याला काही लागलं होतं. अंकल खूश होते, हात हलवत होते, हे वाक्य तिचं नव्हतंच. ते स्टीवननं जबाबात दिलं होतं. तिनं ते उचललं होतं, धुऊनपुसून स्वच्छ केलं होतं आणि ह्या पोरीला भरवायला आणलं होतं.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

"तुम्हाला कसं कळणार?" जेनेलनं डोळ्यांच्या कडा पुसल्या. "त्याला तरी कळायला हवं होतं. तो बोटीवर होता पप्पांसोबत, दोन मोसम. त्याला हा हात माहीत आहे. तुम्ही त्याला भेटाल ना?"

"भेटेन. आजच."

"मग त्याला विचारा, त्यानं पप्पांच्या हाताकडे बघितलं होतं का. एवढंच विचारा."

हेमाली ठाण्यात पोचली तेव्हा उन्हं कलली होती. स्टीवन गजांपलीकडे भिंतीला टेकून बसला होता. तिनं टोपी न काढता, न बसता, जेनेलचा प्रश्न जसाच्या तसा विचारला आणि हात करून दाखवला.

स्टीवननं तो हात पाहिला. 

"बघितला होता," तो म्हणाला. "मला वाटलं, व्हिडिओत बरा दिसतोय."